ब्रेक नसलेल्यांची शिस्त

ट्रॅकवर पळवायच्या सायकलीला ब्रेक नसतात. गिअर बदलायची सोय नसते आणि फ्रीव्हीलही नसतं. मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, पेडल फिरतंय तोवर पाय फिरणार. हे सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, "मग थांबवायची कशी?" थांबवायची नसतेच. वेग उतरवायचा असतो. पेडलला पायांनी किंचित उलटा जोर द्यायचा, किंवा वळणावरच्या तिरप्या भिंतीवर सायकल चढवायची. चढ वेग खातो आणि खाली येताना तोच वेग परत देतो. २५० मीटरच्या लाकडी ट्रॅकवर वळणांची ही भिंत ४२ अंशांच्या आसपास कललेली असते. वेग फार पडला तर टायर तिच्यावरून घसरतं, म्हणजे तिथे भित्रेपणालाही शिक्षा आहे. अशा जागी माणसं ताशी साठ-सत्तर किलोमीटरने पळतात, आणि पुढच्याचं मागचं चाक व आपलं पुढचं चाक यांत जेमतेम वीतभर अंतर ठेवून पळतात.

आता समजा, या सायकलींना ब्रेक बसवले. पहिल्या काही फेऱ्यांतच कोणीतरी दचकून ते दाबेल आणि मागचे सगळे त्याच्यावर कोसळतील. पुढचा एकदम थांबू शकत नाही हे मागच्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर तो इतक्या जवळ जायला धजावतो. ब्रेक नसल्यामुळे प्रत्येकावर एक जबाबदारी येते: पुढच्या क्षणी मी कुठे असेन, हे इतरांना आधीच कळेल असं वागायचं. हौशी सायकलस्वार म्हणून पुण्याच्या रस्त्यांवर आणि ट्रॅकचा चाहता म्हणून टीव्हीसमोर जी वर्षं घालवली, त्यांतून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्या सायकलस्वारांना आणि आपल्या शहरांना ज्या गोष्टीची सर्वांत जास्त वानवा आहे, ती या बिनब्रेकच्या खेळात भरपूर आहे. आणि आपण त्याच्याकडे पाठ फिरवून बसलो आहोत.

ट्रॅकवर रेघा आखलेल्या असतात. अगदी तळाशी आकाशी निळा पट्टा, त्यावर शर्यत चालवायची नसते. त्याच्या वर काळी रेघ. ट्रॅकची लांबी मोजतात ती या रेघेवर. तिच्या वर लाल रेघ. लाल रेघेच्या आतली अरुंद पट्टी ही स्प्रिंटच्या शेवटच्या २०० मीटरमध्ये जो आधी शिरला त्याची. दुसऱ्याने तिथे घुसायचं नाही, आणि शेजारी प्रतिस्पर्धी असताना पहिल्यानेही तिच्यातून बाहेर झेपावायचं नाही. सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे ओलांडायचं ते उजवीकडून. उजवीकडून ओलांडा, आपली रेघ धरून चाला, बाजूला सरकण्याआधी मागे पाहा. वाहन परवान्याच्या परीक्षेला बसताना आपण सगळ्यांनी हेच पाठ केलेलं असतं. ट्रॅकवर मात्र ते मोडणाऱ्याला पावती फाडून घ्यायला वेळच मिळत नाही, गुरुत्वाकर्षण तिथल्या तिथे वसुली करतं.

तिथे अपघात होत नाहीत असं कोणी समजू नये. २०११ मध्ये मँचेस्टरच्या वर्ल्ड कपमध्ये मलेशियाचा अझीझुलहस्नी अवांग केरिन या ट्रॅक शर्यतीच्या फायनलमध्ये आपटला. ट्रॅकच्या लाकडाची जवळपास वीतभर लांब कपची त्याच्या पोटरीतून आरपार गेली. तो उठला, सायकलवर बसला, रेघ पार केली आणि तिसरा आला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडचा मॅट वॉल्स वळणावरून थेट कठड्यापलीकडे, प्रेक्षकांत गेला. धोका आहेच. पण तो सगळ्यांना दिसतो आणि सगळ्यांना सारखा लागू आहे. मी चुकलो तर मीही पडतो, या एका जाणिवेने तिथे माणसं शहाणी होतात.

रस्त्यावर नेमकं हेच नाही. पुण्यात पहाटे सायकल काढणाऱ्या कोणालाही विचारा, भीती कशाची वाटते? वेगाची कोणी सांगणार नाही. प्रवासी दिसला म्हणून तिसऱ्या लेनमधून तिरकी येणारी रिक्षा. उभ्या गाडीचं अचानक उघडणारं दार. पुलावरचा वळसा वाचवायला उलट्या बाजूने, वर दिवा डोळ्यांत मारत येणारी दुचाकी. थांब्याला लागताना आपल्याला कडेला दाबणारी बस. रात्रीत उगवलेला, पट्टे न मारलेला गतिरोधक. बोपदेव घाटातल्या वळणावर डंपरमधून सांडलेली खडी. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: पुढच्या क्षणी काय होणार ते आधी कळत नाही. आणि दुसरीही एक समान आहे, ती जास्त गंभीर. चूक करणाऱ्याला किंमत मोजावी लागत नाही. रिक्षावाल्याच्या बंपरला ओरखडा जातो, सायकलवाल्याचं कॉलरबोन जातं. धोका असा एकाच बाजूला साचला, की दुसऱ्या बाजूला शिस्त लावून घ्यायचं कारणच उरत नाही. आपल्या रस्त्यांवर ब्रेक उत्तम आहेत, हॉर्न त्याहून उत्तम आहेत, आणि या दोघांच्या भरवशावर कोणीच रेघ धरत नाही.

इथवर आमचे सायकलवाले मित्र माना डोलावतील. पुढचं त्यांना आवडणार नाही. रविवारी सकाळी निघालेला आपला हौशी ग्रुप जरा मागून पाहा. लग्नाच्या वरातीसारखा तो रस्ताभर पसरलेला असतो. शेजारी चालवणारा दर दोन मिनिटांनी अर्धं चाक पुढे काढतो, मग त्याच्या शेजारचा त्याच्या पुढे, आणि गप्पा मारत निघालेली राइड नकळत शर्यत होऊन बसते. पुढच्याला खड्डा दिसला की तो हाताने खूण करायच्या आधी ब्रेक दाबतो. मोबाइलवर फोटो काढायला एक जण मध्येच थांबतो. कोणाच्या मागे नीट चाक धरून बसणं, पुढे आल्यावर वेग न वाढवता तेवढाच टिकवणं, आपली पाळी संपली की सावकाश बाजूला सरकून मागे जाणं, ही कला आपल्यातल्या बहुतेकांना कोणी शिकवलेलीच नाही. दीड-दोन लाखांची कार्बन फ्रेम घेतो आपण. तिच्याबरोबर हे शिकवणारं कोणी येत नाही.

शिकायची गरजही भासत नाही, कारण आपल्याकडे हौशी सायकलिंग म्हणजे अंतर. "किती मारलेस?" हा पहिला प्रश्न. शंभर झाले की शतक, मग २०० किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत, ३०० ची वीस, ४०० ची सत्तावीस, ६०० ची चाळीस तासांत; चारही एकाच हंगामात झाल्या की 'सुपर रँडोनर' ही पदवी. त्यापुढे फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १२०० किलोमीटर नव्वद तासांत. या लोकांविषयी मला मनापासून आदर आहे. आपली परंपराही तीच आहे. १९२३ मध्ये मुंबईहून पारशी तरुणांची एक तुकडी सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाली. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १९२८ मध्ये परतले. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र हे महाजन बंधू २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीतही सर्वांत मानाचा किताब 'घाटाचा राजा' हाच. सोसणं, चढणं, न थांबता जात राहणं: हे आपल्याला कळतं, भावतं.

पण या आवडीला एक दुसरी बाजू आहे, ती आपण बघत नाही. अंतराच्या खेळाला समाजाकडून काहीच लागत नाही. असेल तो रस्ता पुरतो. खड्डे असतील तर ते सहन करणं हीच परीक्षा, ट्रक अंगावर आला तर तो किस्सा. रात्री अडीच वाजता सातारा रस्त्यावर एकटा सायकलस्वार झगमगतं जाकीट घालून निघतो तेव्हा त्याने शहराकडून, राज्याकडून कसलीही मागणी केलेली नसते. ज्या समाजाने सोयींची आशा सोडून दिली आहे, त्या समाजात सोसण्याचा खेळ फोफावणार हे उघड आहे. ट्रॅक मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही. तो कोणीतरी बांधावा लागतो, राखावा लागतो, त्याची वेळापत्रकं लावावी लागतात, आणि तिथे एकट्याने जाऊन फारसं काही करता येत नाही. तो मुळातच सार्वजनिक खेळ आहे. आपल्याला तो परका वाटतो यामागचं खरं कारण, माझ्या मते, हे आहे. लाकूड महाग पडतं ही सबब नंतरची.

ट्रॅक बघायला बसलेला माणूस पहिल्यांदा गोंधळतो. स्प्रिंटमध्ये दोनच जण, तीन फेऱ्या, आणि अर्ध्याहून जास्त वेळ दोघंही चालण्याच्या गतीने एकमेकांकडे बघत रेंगाळतात. कारण पुढच्याला हवा कापावी लागते, मागच्याला त्याच्या आडोशाने फुकट नेलं जातं. पुढे कोणीच जायला तयार नसतं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत इटलीचा जोव्हानी पेत्तेनेल्ला आणि फ्रान्सचा पिएर त्राँतँ हे दोघे सायकलवर बसल्या जागी, पाय न टेकवता, २१ मिनिटं ५७ सेकंद स्तब्ध उभे राहिले. जगातल्या सर्वांत वेगवान खेळांपैकी एकाचा हा सर्वांत गाजलेला क्षण. पुढे असं उभं राहण्यावर नियमाने सेकंदांची मर्यादा आली, त्याचं मला थोडं वाईटच वाटतं. पण एकदा कोणी सुटला की मग सगळं काही सेकंदांत संपतं. पॅरिसला २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या हॅरी लाव्रेसनने पात्रता फेरीत २०० मीटर ९.०८८ सेकंदांत कापले, म्हणजे ताशी ७९ किलोमीटर. स्प्रिंट, केरिन आणि सांघिक स्प्रिंट ही तिन्ही सुवर्णपदकं त्याने नेली.

मला स्वतःला सर्वांत आवडती शर्यत विचाराल तर टोकियो ऑलिंपिकमधली, २०२१ च्या ऑगस्टमधली केरिनची फायनल. केरिनमध्ये सहा-सात जण एका छोट्या मोटरसायकलच्या मागे रांगेने निघतात. ती वेग वाढवत नेते आणि तीन फेऱ्या उरल्या की बाजूला होते. तोवर तिला ओलांडायचं नाही. ब्रिटनचा जेसन केनी त्या दिवशी रांगेत पहिला होता. सगळे समजत होते की पहिला असणं वाईट, कारण तोच हवा खाणार. त्याच्यामागे ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू ग्लेटझर. ग्लेटझरने थोडं अंतर सोडलं. मोटरसायकल बाजूला व्हायला आणि केनीने मागे बघायला एकच गाठ पडली; त्याला ते अंतर दिसलं आणि तो तिथूनच सुटला. तीन फेऱ्या म्हणजे ७५० मीटर, इतक्या लांबून कोणी स्प्रिंट मारत नाही. मागचे पाच जण एकमेकांकडे बघत राहिले: पाठलाग तू कर, मी कशाला करू? प्रत्येकाचा हिशोब बरोबर होता आणि म्हणूनच सगळे मिळून चुकले. केनीचं ते सातवं ऑलिंपिक सुवर्णपदक. सहकारी चळवळीवर व्याख्यानं देणाऱ्यांनी ही शर्यत एकदा दाखवावी.

त्याच्या अगदी उलट सांघिक परसूट. चार जण, चार किलोमीटर, एकामागे एक. पुढचा काही काळ हवा कापतो, मग वळणावर भिंतीवर चढतो, बाकीचे तिघे खालून निघून जातात, आणि तो उतरून नेमका शेवटच्याच्या मागे येतो. इंचभर चुकला तर एकतर धडक, नाहीतर आडोसा सुटून दमछाक. वेळ नोंदवला जातो तिसऱ्या सायकलस्वाराचा. म्हणजे एखाद्या बलदंडाने पुढे पळून जाण्यात काही अर्थ नसतो. पॅरिसला ऑस्ट्रेलियाने हे अंतर ३ मिनिटं ४०.७३० सेकंदांत पार केलं, सरासरी ताशी ६५ किलोमीटर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. तीसवरून अडतीसच्या वेगावर जायचं तर जवळपास दुप्पट ताकद लागते. एकट्याच्या जोरावर ते होत नाही. पाळ्या लावूनच होतं. मुळशीकडून येताना संध्याकाळचा समोरून वारा लागला की हे गणित कोणालाही मांड्यांत जाणवतं, फक्त त्यावर उपाय असतो हे ठाऊक हवं.

हौशी माणसाला ट्रॅक आपला वाटावा असं एक प्रकरण मात्र एकट्याचंच आहे: तासाचा विक्रम. एक माणूस, एक तास, किती अंतर? १८९३ मध्ये पॅरिसला आँरी देग्राँजने ३५.३२५ किलोमीटर नोंदवले. याच गृहस्थाने पुढे १९०३ मध्ये टूर दे फ्रान्स सुरू केली. एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत ४९.४३१ केले. मग १९९३ च्या जुलैत स्कॉटलंडचा ग्रेम ओब्री हा जवळजवळ कोणाला माहीत नसलेला माणूस नॉर्वेतल्या हामारला आला, स्वतःच्या हातांनी जोडलेली सायकल घेऊन. तिच्यात धुलाई यंत्राचं बेअरिंग वापरल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. छाती हातांवर टेकवून बसण्याची त्याची पद्धत पाहून लोक हसले. पहिल्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुन्हा प्रयत्न केला आणि ५१.५९६ किलोमीटर गाठले. आठवड्याच्या आत ख्रिस बोर्डमनने तो विक्रम मोडला आणि पुढच्या वर्षी नियामक मंडळाने ओब्रीच्या बसण्यावरच बंदी घातली, ते सोडा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विक्रम केला डॅन बिगमने, ५५.५४८, हा एका संघाचा अभियंता. दोन महिन्यांनी त्याच संघाचा फिलिपो गान्ना ५६.७९२ वर गेला, बिगमनेच घोटलेल्या गणितांच्या आधाराने. कारागीर, अभियंता, व्यावसायिक वीर, सगळे एकाच रेघेवर. आणि एका तासात मी किती जातो, हा प्रश्न पन्नाशीच्या बँक कर्मचाऱ्यालाही तितकाच खुला आहे. अट एकच: तासभर कोणी आडवं येणार नाही अशी जागा हवी. तीच नाही.

इथे दोन आक्षेप हमखास येतात, आणि दोन्हींत दम आहे.

पहिला पैशाचा. छत असलेला लाकडी वेलोड्रोम, म्हणजे सायकलींचा ट्रॅक, हा कोट्यवधींचा मामला आहे, आणि देशात पाण्याचे प्रश्न असताना मूठभर हौशींसाठी हे कशाला? कबूल. पण लाकूड आणि छत हा मूळ मुद्दाच नाही. लंडनचा हर्न हिल ट्रॅक १८९१ चा, उघडा, काँक्रीटचा, कमी उतारांचा. १९४८ च्या ऑलिंपिकच्या ट्रॅक शर्यती तिथेच झाल्या, आणि त्या ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय सायकलपटूंत रोहिंटन नोबल, जहांगू अमीन असे पारशी सायकलपटू होते. मध्यंतरी तो बंद पडायला आला, तेव्हा आसपासच्या लोकांनी मोहीम काढून तो वाचवला आणि आता एक न्यास तो चालवतो. ब्रॅडली विगिन्स लहानपणी तिथेच शिकला. जपानमध्ये १९४८ ला कोकुरा इथे केरिन सुरू झाली ती युद्धाने मोडलेल्या नगरपालिकांना उत्पन्न मिळावं म्हणून. आज तिथे चाळीसहून अधिक ट्रॅक आहेत, बहुतेक उघड्यावरचे. (गंमत म्हणजे जपानी केरिनमध्ये कोण कोणाच्या मागे बसणार हे खेळाडू शर्यतीआधीच जाहीर करतात. पैज लावणाऱ्यांच्या सोयीसाठी का होईना, पण आपला इरादा आधी सांगायची ही पद्धत मला फार आवडते.) जिल्हा क्रीडासंकुलात धावपट्टीच्या बाजूने थोडी उतरती काँक्रीटची फेरी घालायला कोणा देशाचं दिवाळं निघत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. भारताला ट्रॅकवर जे यश मिळालं ते हौशींच्या गर्दीतून आलेलं नाही. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी इंदिरा गांधी संकुलात लाकडी ट्रॅक झाला, तिथे राष्ट्रीय अकादमी चालली, मोजकी मुलं निवडली गेली. अंदमान-निकोबारची डेबोरा हेरॉल्ड, जी २००४ च्या त्सुनामीत लहानपणी झाडाला धरून वाचली. अंदमान-निकोबारचाच एसो आल्बेन, ज्याने २०१८ मध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेत केरिनचं रौप्य आणलं. मणिपूरचा रोनाल्डो सिंग, ज्याने २०२२ मध्ये दिल्लीतच आशियाई स्पर्धेत स्प्रिंटचं रौप्य मिळवलं. आपल्या भंडाऱ्याची मयूरी लुटेही याच वाटेने आशियाई स्पर्धांपर्यंत पोचली. म्हणजे निवडक मुलं, बंद दारं, पदकं. मग हौशींना आत घेऊन गर्दी कशाला करायची?

या मुलांची कामगिरी मोठीच आहे, आणि म्हणूनच तिच्यामागे पोकळी आहे हे सांगावं लागतं. १९६४ च्या टोकियोनंतर २०२४ च्या पॅरिसपर्यंत एकही भारतीय सायकलपटू ऑलिंपिकला गेलेला नाही. ज्युनिअर गटात जगाच्या बरोबरीने धावणारी मुलं मोठेपणी मागे पडतात, कारण त्यांच्याबरोबर रोज शर्यत करायला देशात पुरेशी माणसंच नाहीत. ब्रिटनचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. मँचेस्टरचा वेलोड्रोम १९९४ मध्ये उघडला, १९९७ पासून लॉटरीचा पैसा खेळांत येऊ लागला. सिडनीला २००० मध्ये ट्रॅकवर एक सुवर्ण, २००८ ला बीजिंगमध्ये दहापैकी सात. त्या सात पदकांमागे पैसा होताच, पण पहिल्या दिवसापासून त्या लाकडावर सामान्य माणसंही फिरत होती: सायकल भाड्याने घेऊन तासभर शिकणारे कारकून, शाळेच्या सहली, साठीतल्या बाया. पंच कुठून आले, मेकॅनिक, प्रशिक्षक आणि तिकीट काढून बसणारे प्रेक्षक कुठून आले? याच गर्दीतून. अकादमीला खेळाडू घडवता येतात. खेळ घडवायला हौशी लागतात.

आणखी एक शंका माझ्याच मनात आहे, ती झाकून ठेवत नाही. सायकलचा खरा प्रश्न सकाळी सहा वाजता दूध घालणाऱ्याचा, दुसऱ्या पाळीला कंपनीत जाणाऱ्याचा आणि शाळेत जाणाऱ्या मुलीचा आहे. त्यांना वेलोड्रोमशी काय देणं-घेणं? ट्रॅकवर शिकलेली शिस्त डंपर अडवत नाही. खरं आहे; आणि रस्त्यावर मेलेल्या सायकलस्वाराला 'रेघ धरली नाहीस' म्हणून दोष देण्याचा निर्लज्जपणा मी करणार नाही. पण ट्रॅक एक गोष्ट दाखवतो, जी रस्ते आखणाऱ्यांनी पाहायला हवी. तिथे शिस्त पाटी लावून आणलेली नाही. जागेची घडणच अशी आहे की नीट चालवणं सोपं आणि वाकडं चालवणं अवघड. आपल्या शहरांतले सायकल मार्ग पाहा. पुण्याने २०१७ मध्ये सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला, भाड्याच्या रंगीत सायकली रस्त्यावर आल्या आणि वर्ष-दोन वर्षांत गेल्याही. मार्गावर मात्र कुठे रोहित्राची पेटी, कुठे झाड, कुठे रसवंती, आणि चौकाच्या ऐन तोंडाशी मार्ग संपलेला. ही घडणही काहीतरी शिकवतेच: हा मार्ग गंभीरपणे घेऊ नका. मग दुचाकीवाला तो घेत नाही, आणि सायकलवालाही घेत नाही. एखाद्या नगररचनाकाराने तासभर ट्रॅकच्या कठड्याशी उभं राहून नुसतं बघितलं, तरी चौकाची आखणी करताना त्याचा हात वेगळा चालेल असं मला वाटतं.

मागणी फार मोठी नाही. पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडीला, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या शिवछत्रपती संकुलात, वेलोड्रोम आहे. राज्यातल्या अशा जागांवर आठवड्यातल्या दोन सकाळी हौशींसाठी राखून ठेवाव्यात. वीस-पंचवीस साध्या ट्रॅक सायकली भाड्याने द्याव्यात, लोखंडी चालतील. निवृत्त राष्ट्रीय खेळाडूंपैकी एक-दोघांना मानधन देऊन शिकवायला बसवावं. प्रवेशासाठी अट एकच ठेवावी: आधी दोन तास रेघा आणि ओलांडण्याचे नियम शिकायचे, मगच वर चढायचं. बीआरएम घेणाऱ्या मंडळांनी हिवाळ्यातल्या एका राइडऐवजी एक ट्रॅकचा दिवस भरवावा; लोक येतील, कारण नव्या प्रकारच्या पदकाला आपण कधी नाही म्हणत नाही. आणि वाचकहो, तुमच्या जिल्ह्याच्या क्रीडासंकुलाचा आराखडा पुढच्या वेळी हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला की त्यात सायकलची फेरी आहे का ते पाहा, आणि नसेल तर मुदतीच्या आत लेखी सूचना द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.